समुपदेशनातील दोन माहीतगार

समुपदेशनाविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की, अडचणीत सापडलेल्या माणसाने आपली व्यथा मांडायची आणि जाणत्या माणसाने ती ऐकून योग्य तो सल्ला द्यायचा. मानसशास्त्रात गेल्या ऐंशी वर्षांत जी पद्धत हळूहळू घडत गेली, ती या समजुतीपासून बरीच दूर गेलेली आहे. तिला सहयोगी समुपदेशन म्हणतात, आणि मदतीसाठी आलेली व्यक्ती, जिचा उल्लेख येथे मदतार्थी असा केला आहे, व मानसशास्त्रज्ञ या दोघांनी मिळून प्रश्न कोणता हे ठरवावे, त्यावरचे उपाय निवडावेत, ते करून पाहावेत आणि त्यांचा गुण आला की नाही हेही दोघांनी मिळूनच तपासावे, हा तिचा गाभा आहे. असे करण्यामागे केवळ सौजन्य असते असे मानणे चुकीचे ठरेल. नैराश्य कसे सुरू होते, कशामुळे टिकून राहते आणि कोणत्या उपायांनी कितपत उतरते हे मानसशास्त्रज्ञाला अभ्यासाने ठाऊक असते. परंतु समोर बसलेल्या माणसाला पहाटे जाग आल्यावर नेमके काय वाटते, कोणता उपाय त्याने आधी करून सोडून दिला आणि का सोडला, घरात कोणासमोर त्याला मन मोकळे करता येते आणि कोणासमोर येत नाही, हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. खोलीत बसलेले दोघेही आपापल्या परीने माहीतगार असतात, आणि एकाचे ज्ञान बाजूला ठेवून दुसऱ्याच्या ज्ञानावर उपचार उभा करू पाहिला, तर तो बहुधा अपुरा पडतो.

या विचाराला भारतात एक गंभीर आक्षेप फार पूर्वीच घेतला गेला. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली एका अमेरिकन नियतकालिकात लिहिलेल्या लेखात गुरू-शिष्य नाते हा मानसोपचारासाठी एक उपयुक्त आदर्श ठरू शकेल, अशी मांडणी केली होती. पाश्चात्त्य मानसोपचारातील तटस्थता आणि रुग्णाच्या स्वावलंबनावरचा भर भारतीय रुग्णाच्या अपेक्षांशी जुळत नाही, कारण तो वडीलधाऱ्या, अधिकारी व्यक्तीकडून स्पष्ट मार्गदर्शन मिळावे म्हणून येतो, असा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्रातील कोणत्याही समुपदेशन केंद्रात ‘तुम्हीच सांगा काय करू ते’ हे वाक्य आजही ऐकू येते, त्यामुळे नेकींचे निरीक्षण जुने झालेले नाही. मात्र त्यावरून सहयोग ही परकी आणि म्हणून टाकाऊ गोष्ट आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सहयोग म्हणजे समुपदेशकाने गप्प राहून सगळा भार समोरच्यावर टाकणे नव्हे. ज्याला मार्गदर्शन हवे आहे त्याला ते द्यावे, पण ते का दिले, त्यामागे कोणता तर्क आहे, त्याच्या घरच्या परिस्थितीत ते चालेल का, हे त्यालाच विचारावे आणि त्याने नाही म्हटले तर ते नाही ऐकून घ्यावे, इतपत मोकळीक गुरू-शिष्य परंपरेतील चांगल्या गुरूंनीही शिष्याला दिलेलीच आहे.

पाश्चात्त्य जगातही ही दृष्टी सहजासहजी आली नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या समुपदेशनावरील पुस्तकात एका व्यक्तीच्या सर्व भेटींचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दशः वृत्त छापले, आणि बंद दाराआडचा हा व्यवहार प्रथमच तपासणीसाठी खुला झाला. माणसाला ऐकून घेणारा, त्याला न जोखणारा आणि स्वतः प्रामाणिक असणारा सोबती मिळाला, तर तो आपली वाट बऱ्याच अंशी स्वतः काढू शकतो, हा रॉजर्स यांचा विश्वास होता. परंतु ऊबदार संबंध पुरेसा आहे का, की त्याबरोबर आणखी काही लागते, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे सर्वांत उपयोगी ठरलेले उत्तर मिशिगन विद्यापीठातील एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली दिले. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातील कामाच्या नात्याला, म्हणजे ज्याला उपचारबंध म्हणता येईल त्याला, त्यांनी तीन अंगे असल्याचे सांगितले: कोठे पोहोचायचे याविषयी एकमत, तेथे पोहोचण्यासाठी कोणती कामे करायची याविषयी एकमत, आणि परस्परांविषयीचा विश्वास. या मांडणीमुळे एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. समुपदेशक अतिशय प्रेमळ आहे, मदतार्थीला त्याच्याविषयी आदर आहे, तरीही पतीला वाटते की पत्नीचा राग कमी व्हावा यासाठी आपण येथे आलो आणि समुपदेशक मात्र पतीच्या मद्यपानावर काम करीत आहे, अशी स्थिती असेल, तर तिसरे अंग शाबूत असूनही पहिले दोन मोडलेले असतात आणि काम पुढे सरकत नाही.

सहयोग प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहायचे असेल, तर ॲरन बेक (१९२१–२०२१) यांच्या बोधनिक उपचारपद्धतीकडे वळावे लागते. बोधनिक म्हणजे माणूस घटनांचा जो अर्थ लावतो त्याच्याशी संबंधित. फिलाडेल्फियातील पेनसिल्वेनिया विद्यापीठात काम करणारे बेक हे मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले मनोविकारतज्ज्ञ होते. नैराश्य म्हणजे दुसऱ्यावरचा राग स्वतःकडे वळणे, हा त्या परंपरेतील सिद्धान्त पुराव्याने सिद्ध करावा या हेतूने त्यांनी नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांचा अभ्यास केला, पण त्या स्वप्नांत रागापेक्षा हानी, अपयश आणि नाकारले जाणे याच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागल्या. सिद्धान्त जपण्यासाठी पुराव्याला मुरड घालण्याऐवजी त्यांनी सिद्धान्तच बाजूला ठेवला. रुग्णांच्या मनात क्षणार्धात येऊन जाणारे, त्यांना स्वतःलाही फारसे लक्षात न येणारे जे विचार भावनांना दिशा देतात, त्यांना त्यांनी स्वयंचलित विचार म्हटले, आणि १९७९ साली तीन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या नैराश्यावरील ग्रंथात उपचाराच्या नात्याचे वर्णन सहयोगी अनुभववाद असे केले. या शब्दयोजनेचा आशय असा, की रुग्णाचा विचार खरा आहे असेही धरून चालायचे नाही आणि खोटा आहे असेही नाही. तो एक गृहीतक मानायचा आणि दोघांनी मिळून त्याची पडताळणी करायची.

समजा, एका महाविद्यालयात नव्याने लागलेल्या प्राध्यापिकेला ‘वर्गात माझे कोणीच ऐकत नाही, मी या नोकरीच्या लायक नाही’ असे वाटते आणि रविवारी संध्याकाळपासूनच तिचे मन खचू लागते. तिला ‘असे काही नसते, तुम्ही छान शिकवता’ असा धीर देणे सोपे आहे, आणि घरातील सर्वांनी तो देऊनही झालेला असतो. बेक यांच्या पद्धतीचा समुपदेशक तिला विचारतो, की कोणीच ऐकत नाही हे कशावरून कळते, गेल्या आठवड्यात कोणत्या तासाला असे वाटले, त्या वेळी कोणी प्रश्न विचारला होता का, ऐकत नसलेली मुले साधारण किती आणि त्याच मुलांचे इतर तासांना काय चालते. मग दोघे मिळून ठरवतात की येत्या आठवड्यात ती प्रत्येक तासानंतर दोन ओळींची नोंद ठेवील आणि एका तासाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून काय समजले हे चिठ्ठीवर लिहून घेईल. या चिठ्ठ्यांतून काय निघेल हे समुपदेशकालाही आधी ठाऊक नसते. कदाचित विचार अतिशयोक्त होता असे दिसेल. कदाचित शेवटच्या बाकांवर तिचा आवाज खरोखरच पोहोचत नाही असेही दिसेल, आणि मग काम विचार बदलण्याचे न राहता आवाज व मांडणी सुधारण्याचे होईल. दोन्ही शक्यता समुपदेशकाने मनापासून खुल्या ठेवल्या नसतील, तर प्रश्नोत्तरांचा हा सारा खटाटोप म्हणजे ठरलेल्या उत्तराकडे नेणारी उलटतपासणी ठरते. बेक यांच्या परंपरेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पडेस्की यांनी १९९३ साली लंडन येथील व्याख्यानात नेमका हाच भेद मांडला होता: प्रश्न विचारून समोरच्याचे मत बदलवणे वेगळे आणि त्याच्याबरोबर शोध घेणे वेगळे.

प्रत्येक भेटीची रचनाही या दृष्टीने केलेली असते. सुरुवातीला गेल्या आठवड्यातील मनःस्थितीचा आढावा घेतला जातो, आज कोणत्या विषयांवर बोलायचे याची यादी दोघे मिळून करतात, मागच्या भेटीत ठरलेल्या कामाचे काय झाले ते पाहतात, आणि भेट संपवताना आजच्या बोलण्यात काय पटले, काय पटले नाही, कोणती गोष्ट लागली हे समुपदेशक स्पष्टपणे विचारतो. यातील गृहपाठ, म्हणजे दोन भेटींच्या मधल्या दिवसांत करायचे काम, फार जपून ठरवावे लागते. तो समुपदेशकाने दिलेला आणि मदतार्थीने मान डोलावून घेतलेला असेल, तर बहुधा होत नाही. तो करताना काय आड येऊ शकेल याची चर्चा आधीच झाली असेल, तर होण्याचा संभव वाढतो. आणि झाला नाही, तर त्याचे खापर मदतार्थीच्या आळसावर न फोडता काम फार मोठे होते का, त्याचा हेतू पटला नव्हता का, हे तपासणे हाच पुढचा अभ्यास होतो.

मराठी वाचकाला विचार आणि भावना यांच्या संबंधाची ओळख बहुधा अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून झालेली असते. एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास सुरू केली, आणि त्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात करणारे मुंबईचे कि. मो. फडके यांनी लेखन व प्रशिक्षण यांद्वारे ती महाराष्ट्रात रुजवली. एलिस अविवेकी समजुतींचे थेट खंडन करीत, बेक त्यांची पडताळणी करीत. हा फरक स्वभावाचा जितका आहे तितकाच पद्धतीचाही आहे. खंडनाची धार काहींना जागे करते यात शंका नाही, परंतु जो माणूस आधीच स्वतःला चुकीचा समजत आला आहे, त्याच्या वाट्याला आणखी एक चूक दाखवून देणारा येऊ नये, या दृष्टीने बेक यांचा मार्ग नैराश्यात अधिक सुरक्षित वाटतो.

सहयोगाची गरज का भासते याचा एक बोलका पुरावा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉरिना हॅनन व मायकेल लॅम्बर्ट आदींच्या अभ्यासातून मिळतो. उपचार घेणाऱ्या ५५० व्यक्तींपैकी कोणाची स्थिती उपचाराअखेर खालावलेली असेल, याचा अंदाज त्यांच्या समुपदेशकांना करण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती खालावली. समुपदेशकांनी ती शक्यता केवळ तिघांच्या बाबतीत वर्तवली होती आणि त्यांपैकी एकच अंदाज खरा ठरला. हे समुपदेशक निष्काळजी होते असे म्हणण्यास आधार नाही. जो माणूस आपल्यावर विश्वास ठेवून येतो तो सुधारत आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि मदतार्थीही अनेकदा समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘बरे आहे’ असेच म्हणतो. त्यामुळे प्रत्येक भेटीच्या आधी काही मिनिटांत भरता येईल अशी प्रश्नावली देऊन त्रासाची पातळी मोजणे आणि ती मोजणी दोघांनी एकत्र पाहणे, ही प्रथा लॅम्बर्ट व इतरांनी रूढ करण्याचा प्रयत्न केला. रक्तदाब न मोजता औषधाची मात्रा ठरवणारा वैद्य आज कोणी मान्य करणार नाही. मनाच्या उपचारात मात्र अंदाजावर वर्षानुवर्षे काम चालते ही खेदाची बाब आहे.

उपचारबंध आणि उपचाराचे फळ यांचा संबंध किती घट्ट आहे, यावर बरेच संशोधन झाले आहे. २०१८ साली क्रिस्टोफ फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यासांतील तीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दोहोंमधील सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी कितपत बरोबरीने कमी-जास्त होतात हे दाखवणारी संख्या, सुमारे ०.२८ आढळला. साध्या भाषेत सांगायचे तर उपचाराच्या यशात माणसामाणसांत जो फरक पडतो त्यातील साधारण आठ टक्के भाग या नात्याशी जोडता येतो. ही संख्या लहान वाटेल, परंतु निरनिराळ्या उपचारपद्धतींत आणि निरनिराळ्या देशांत ती टिकून राहिली आहे. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे लागते, की बरे वाटू लागले म्हणजेही समुपदेशकाविषयी विश्वास वाढतो, त्यामुळे या संबंधात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे नुसत्या गुणांकावरून ठरत नाही.

नाते बिघडते तेव्हा काय करावे, यावर जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर मुरान यांनी केलेले काम आपल्याकडे विशेष उपयोगी पडण्यासारखे आहे. बंधात पडणारी चीर दोन प्रकारची असते असे ते सांगतात: एकीत मदतार्थी उघड नाराजी व्यक्त करतो, दुसरीत तो मनाने मागे सरतो, वरवर सर्व मान्य करतो आणि आतून दूर जातो. जेथे वडीलधाऱ्यांना व अधिकारी माणसाला तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते, तेथे दुसरा प्रकार अधिक असणार हे उघड आहे. ‘हो मॅडम, करतो’ म्हणून गेलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही, आणि त्याला गुण आला म्हणून तो आला नाही अशी समजूत करून घेतली जाते. म्हणून समुपदेशकाने नापसंतीला स्वतःहून जागा करून द्यावी लागते. ‘मागच्या वेळी मी सांगितलेले थोडे घाईचे झाले का?’ असा प्रश्न त्याने विचारला, की न बोललेली तक्रार बोलण्याजोगी होते. चीर सांधली गेल्यावर नाते पूर्वीपेक्षा बळकट झाल्याचेही आढळते, कारण मतभेद झाला तरी संबंध तुटत नाही, हा अनुभव अनेकांना आयुष्यात प्रथमच येत असतो.

सहयोगाची खरी कसोटी लागते ती आत्महत्येचे विचार येत असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत. येथे धोका इतका मोठा असतो की सूत्रे तज्ज्ञाने आपल्याकडे घ्यावीत, प्रश्नांची सरबत्ती करावी, ‘असे काही करणार नाही’ असे वचन लिहून घ्यावे आणि शंका आल्यास भरती करावे, हेच अनेकांना सुरक्षित वाटते. वॉशिंग्टन येथील कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका येथे अध्यापन करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड जोब्स यांनी नेमक्या याच ठिकाणी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी विकसित केलेल्या सहयोगी मूल्यमापन व व्यवस्थापन पद्धतीत मानसशास्त्रज्ञ समोरासमोर न बसता परवानगी घेऊन त्या व्यक्तीच्या शेजारी जाऊन बसतो, आणि एक नमुनापत्र दोघांच्या मध्ये ठेवून ती व्यक्ती ते स्वतःच्या हाताने भरते. मनाची वेदना किती आहे, ताण किती, अस्वस्थता किती, आशा किती उरली आहे, स्वतःविषयीचा तिटकारा किती आहे, याला ती गुण देते, आणि जगावेसे वाटण्याची व मरावेसे वाटण्याची कारणे आपल्या शब्दांत लिहिते. मरणाची इच्छा ज्या गोष्टींतून उगम पावते, मग ते कर्ज असो, मारहाण असो, की एखाद्या अपयशाची लाज, त्या दोघे मिळून शोधतात आणि उपचाराची योजना त्या गोष्टींवरच बेततात. त्या योजनेची सहलेखक ती व्यक्तीच असते. नुसत्या वचनपत्राऐवजी विचार अनावर झाले तर क्रमाने काय करायचे, कोणाला फोन करायचा, घरातील कोणत्या घातक वस्तू दूर ठेवायच्या, याची लेखी योजना तयार होते. आत्महत्येचे विचार कमी होण्याच्या दृष्टीने या पद्धतीला नियंत्रित चाचण्यांचा आधार मिळाला आहे. प्रत्यक्ष प्रयत्न कमी होण्याबाबतचा पुरावा अजून तितका स्पष्ट नाही.

या पद्धतीमागची समजूत फार मोलाची आहे. आत्महत्येचा विचार करणारा माणूस बहुधा असह्य वेदनेवर त्याला सुचलेला एकमेव उपाय धरून बसलेला असतो, आणि तो विचार केल्याबद्दल त्याला दरडावले किंवा घाबरून त्याच्याकडे संशयाने पाहिले, तर तो पुढच्या वेळी खरे सांगत नाही. खरे कळले नाही, तर तज्ज्ञाच्या हातातील सर्व सूत्रे निरुपयोगी होतात. अर्थात धोका अगदी तातडीचा असेल, भान हरपले असेल, तर रक्षणाला प्राधान्य द्यावेच लागते आणि तेव्हा रुग्णालयात भरती करणे हाच योग्य मार्ग असतो. भारतात अशा प्रसंगी टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी संपर्क साधता येतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे.

एवढे कौशल्याचे काम केवळ मोठ्या शहरांतील पदवीधर तज्ज्ञांनाच जमेल, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर गोव्यातून मिळाले. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी, त्यांत विक्रम पटेल प्रमुख होते, मानसोपचाराची कोणतीही व्यावसायिक पदवी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नियंत्रित चाचणी घेतली. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीच्या सेवेत थोडी सुधारणा करून ती दिली गेली, आणि उरलेल्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. या समुपदेशनात मुख्य भर कृतिशीलतेवर होता, म्हणजे नैराश्यामुळे सुटलेल्या कामांपैकी आणि आवडींपैकी कोणती पुन्हा सुरू करायची हे त्या व्यक्तीबरोबर ठरवणे व त्यांचा मनःस्थितीवर होणारा परिणाम एकत्र पाहणे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशकांना शिकत ठेवण्याची पद्धतही तितकीच लक्षणीय होती: ते एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण गटात ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर त्याला गुण देत, म्हणजे खोलीतील सहकार्य समुपदेशकांच्या आपसातील व्यवहारातही उतरले होते. महाराष्ट्रात समुपदेशनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम झपाट्याने वाढत असताना त्यांतील कित्येकांत विद्यार्थ्याची एकही प्रत्यक्ष भेट कोणी ऐकून तपासत नाही, ही उणीव भरून काढणे नितांत गरजेचे आहे.

भारताच्या कायद्यानेही ही दिशा स्वीकारली आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते, आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा प्रतिनिधी नेमता येतो, आणि आपल्या उपचारांविषयी माहिती मिळवण्याचा तिला हक्क आहे. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून समुपदेशकाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या एक-दोन भेटींतच काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत: आपण कोणत्या उद्दिष्टासाठी काम करणार आहोत, ते कोणत्या मार्गाने, साधारण किती भेटी लागतील, सुधारणा होते आहे हे कशावरून ओळखायचे, आणि ती झाली नाही तर पुढे काय करायचे. जे पटले नाही ते तसे सांगावे. पुढच्या वेळी न जाण्यापेक्षा न पटलेले सांगण्यासाठी तरी अवश्य जावे. या प्रश्नांची उत्तरे देणे हे समुपदेशकाचे कर्तव्य आहे, आणि ती देण्याचे जो टाळतो त्याला सोडून दुसऱ्याकडे जाण्यात गैर काहीच नाही.